उभा आम्ही

जिन्याच्या सातव्या-आठव्या पायरीवर असताना वरच्या मजल्यावरून गाणं ऐकू आलं आणि पाळकाचा उचललेला पाय क्षणभर तसाच राहिला. पुढे हॉल दाखवणारा दलाल किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत चढत होता. पाणी चोवीस तास, गाड्या लावायला जागा, शेजारी कटकट करणारे नाहीत, असं त्याचं चालू होतं. पाळक ते ऐकत नव्हता. वर वीसेक माणसं एकदम गात होती, कोणी पुढे, कोणी मागे, एका बाईचा आवाज सगळ्यांच्या वर, एका पुरुषाचा जाड आवाज सगळ्यांच्या खाली, आणि शब्द होते, 'तुझ्या दारी उभा आम्ही'. उभे नव्हे, उभा. दातांत खडा यावा तशी ती चूक त्याला लागली, कारण ती त्याचीच होती. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून त्याने 'तुझ्या दारी उभा मी' असं लिहिलं होतं. शेजारी बसलेला गवंडी म्हणाला होता, "तुम्ही एकटेच कशाला उभे राहताय, पाळकसाहेब? आम्ही म्हणा की. आम्हीपण येतो." सगळे हसले. त्याने 'मी' खोडून 'आम्ही' केलं, 'उभा' तसाच राहिला, आणि चूक लक्षात येईपर्यंत अकराच्या अकरा जणांना ते उभासकट पाठ झालं होतं. पुढे त्याने ते गाणं कुठेच शिकवलं नाही. पुढच्या ठिकाणी छापील पुस्तकं होती. म्हणजे जगाच्या पाठीवर हे गाणं येणारी माणसं अकराच, आणि ती अकरा तर केव्हाच पांगली होती. तसं त्यानेच लिहून दिलं होतं.

"दम लागला का साहेब?" दलालाने वरून विचारलं. "नाही नाही," पाळक म्हणाला आणि चढू लागला.

हॉल दुसऱ्या मजल्यावर होता, गाणं तिसऱ्या. दलालाने शटर वर ढकललं, पंखे लावून दाखवले, खिडक्या उघडल्या. पाळकाने सवयीने पावलं टाकून लांबी मोजली, सवयीने टाळी वाजवून आवाज घुमतो का पाहिलं. मंडळ्या सुरू करणं हेच त्याचं काम होतं. जिथे ख्रिस्ती उपासना होत नाही अशा वस्तीत जायचं, चार घरं जोडायची, रविवारी एकत्र बसायला लागायचं, बसणाऱ्यांची मंडळी झाली की ती कोणाच्या तरी हाती सोपवून पुढची वस्ती धरायची. अशा आठ मंडळ्या त्याने उभ्या केल्या होत्या, ही नववी. गेली बारा वर्षं तो हे काम शिकवतही होता. त्याच्या वर्गात दरसाल तीस-चाळीस जण यायचे, आणि तो उठता-बसता पाया, पाया करायचा म्हणून त्याला पाठीमागे 'पायावाले सर' म्हणायचे. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. वर्गाच्या भिंतीवर त्याने केलेला तक्ता होता, सात नियमांचा. पहिला नियम असा, की ज्याचं स्वतःचं घर धड नाही त्याच्या घरात मंडळी सुरू करू नये. हा नियम शिकवताना तो नेहमी एक गोष्ट सांगायचा. एका तरुण पाळकाने उतावीळपणे एका बाईच्या खोलीत मंडळी सुरू केली, बाई लग्नावाचून एका पुरुषाबरोबर राहत होती, आणि मग काय व्हायचं तेच झालं, दीड वर्षात मंडळी मोडली. 'तो तरुण पाळक म्हणजे मीच,' असं शेवटी म्हणायचा तो. तिथे वर्ग गलबलायचा. स्वतःची चूक इतक्या मोकळेपणाने सांगणारा माणूस विरळा, असं एकदा कोणी तरी अभिप्रायाच्या कागदावर लिहिलं होतं आणि तो कागद त्याने जपून ठेवला होता.

वर गाणं संपलं. कोणी तरी खोकलं. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. "वर काय आहे?" पाळकाने विचारलं. "वर होय?" दलाल हसला, "लॉन्ड्री आहे साहेब. धुणी, इस्त्री. बुधवारी दुपारी जरा भजन-बिजन करतात, तासभर. पण त्रास नाही हां त्यांचा. गरीब माणसं आहेत." पाळकाच्या पिशवीत वस्तीचा नकाशा होता. शहराचे सगळे भाग त्याने रंगवलेले होते. जिथे मंडळी आहे तिथे हिरवा, जिथे नाही तिथे कोरा. हा भाग कोरा होता. "तुम्ही व्हा पुढे," तो दलालाला म्हणाला, "मी उद्या कळवतो." दलाल गेला. पाळक मोकळ्या हॉलमध्ये, एका पंख्याखाली उभा राहिला आणि खाली जायचं की वर, हे त्याला ठरवता येईना.

तेव्हाच्या त्या इस्त्रीच्या खोलीत तो पहिल्यांदा गेला तो शर्ट घेऊन. एकच बरा शर्ट होता. इस्त्रीवाली त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. रुंद हातांची, कमी बोलणारी, कापडावर पाणी मारायची तिची एक बाटली होती, तिचा फवारा दाबताना ओठ घट्ट मिटायची. बसायला जागा शोधतोय, असं तो बोलता बोलता म्हणाला. पंधरा दिवस तो वस्तीत दारं ठोठावत होता आणि सगळे 'बघू', 'कळवतो' म्हणत होते. ती इस्त्री फिरवत म्हणाली, "इथं बसा की. रविवारी मला सुट्टीच असते." इतकं सोपं होतं ते. पुढे वर्गात पायाबद्दल तासन्‌तास बोलताना त्याला कधी कधी वाटायचं, की खरा पाया म्हणजे ते एक वाक्य, बाकी सगळा गिलावा. पण हे तो बोलायचा नाही. पहिल्या रविवारी तिघं होती, ती, गवंडी आणि तो. मग शेजारची नर्स आली, तिची सासू आली, रात्रपाळीचा पहारेकरी आला, तो डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच घोरायचा. कपड्यांची गाठोडी हीच आसनं. खोलीला ऊन लागलेल्या सुती कापडाचा वास असे, आणि पाळकाला अजूनही कुठे तसा वास आला की वाटतं, आता आपण प्रार्थना करणार. गवंडी तिच्याबरोबर राहायचा, पण तो तिचा नवरा नव्हता. त्याची पहिली बायको कुठे दूर होती, सोडचिठ्ठीचे कागद झाले नव्हते, होणारही नव्हते. हे पाळकाला दुसऱ्याच आठवड्यात कळलं, तिनेच सांगितलं, सरळ, इस्त्रीवरून नजर न उचलता. "चालेल का?" तिने विचारलं होतं. आणि तो म्हणाला होता, "देव माणूस बघतो, ताई. कागद नाही." तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता आणि असली वाक्यं त्याच्या तोंडून सहज निघत.

मग मोठे साहेब येणार, असं पत्र आलं. मोठे साहेब म्हणजे शंभरेक मंडळ्यांवर देखरेख करणारे वयस्क पाळक. त्यांनी एकदा येऊन पाहिलं, मान हलवली, की मंडळीचं नाव यादीत चढायचं. पाळकाला आठ दिवस झोप लागली नाही. शनिवारी तो तिच्याकडे गेला. काय बोलला ते त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं, आणि गेल्या एकोणीस वर्षांत त्याने ते कोणालाच, बायकोलाही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला होता, "ताई, उद्या तेवढं तुम्ही आणि गवंडीभाऊ... म्हणजे एकच रविवार हो. साहेब जरा जुन्या वळणाचे आहेत. उगाच चार प्रश्न विचारतील." तिने शर्टाची बाही सरळ केली. गवंडी म्हणाला, "आम्ही बाहेर थांबतो की. त्यात काय." रविवारी साहेब आले, गाठोड्यावर बसले, गाणं ऐकलं, ती उभाची चूक ऐकून किंचित हसले. मग चहा घेता घेता म्हणाले, "खोली कोणाची म्हणायची ही?" दार अर्धं उघडं होतं. बाहेरच्या गॅलरीत ती दोघं कठड्याला टेकून उभी होती. तिच्या पदराचा कोपरा त्याला बसल्या जागेवरून दिसत होता. आणि तो म्हणाला, "भाड्याने घेतलीय साहेब." उचलली जीभ लावली टाळ्याला. कोणी विचारलंही नव्हतं, तरी सफाईने पुढे म्हणाला, "मालक दुसरीकडे असतात." नर्स खाली बघायला लागली. पहारेकरी जागा झाला. पदराचा कोपरा तिथेच होता, जरासुद्धा हलला नाही. तो हलला असता तर बरं झालं असतं, असं पाळकाला नंतर कित्येकदा वाटलं.

पुढच्या रविवारी तिने नेहमीसारखं दार उघडलं, गाठोडी मांडली, चहा ठेवला. रागावली असती, रडली असती, दोन शब्द सुनावले असते तर त्याने पाय धरले असते. पण ती नेहमीसारखीच वागली आणि तेच त्याला सोसवेना. तिने कप पुढे केला की त्याचे कान तापत. प्रवचन देताना तो तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघून बोलू लागला. मग त्याला शाळेचा एक वर्ग रविवारपुरता मिळाला आणि तो सगळ्यांना म्हणाला, आपण वाढतोय, मोठी जागा हवी. शाळा लांब होती. नर्सच्या सासूला चालवेना, पहारेकऱ्याला वेळ जमेना. तीन महिन्यांनी त्याला दुसऱ्या शहरात पाठवायचं निघालं तेव्हा त्याला सुटल्यासारखं झालं. जाताना त्याने अहवाल लिहिला. यजमानांच्या नैतिक परिस्थितीमुळे मंडळी टिकू शकली नाही. एका ओळीत आटोपलं. ती ओळ पुढे वाढत वाढत तक्त्यावरचा पहिला नियम झाली. बारा वर्षं, वर्षाला तीस-चाळीस जण. त्या सगळ्यांनी कुठे कुठे, कोणकोणत्या दारांवरून त्या नियमापायी पाठ फिरवली असेल, हा हिशोब त्या पंख्याखाली त्याने पहिल्यांदाच मांडायला घेतला आणि अर्ध्यावर टाकून दिला.

तो वर गेला. दार उघडंच होतं. खोली मोठी होती, चार इस्त्रीची टेबलं भिंतीला लावलेली, वर दोरीवर टांगलेले कोट, आणि मधल्या जागेत स्टुलांवर, खुर्च्यांवर, गाठोड्यांवर माणसं. कामाच्या कपड्यांतली, कोणाच्या बाह्या अजून ओल्या. एक जाडजूड ड्रायव्हर उभा राहून प्रार्थना करत होता, मोठ्याने आणि भलतीच लांब. मध्येच त्याने आपल्या बिघडलेल्या गियरबॉक्ससाठीही मागणं मागितलं, तेव्हा दोन बायका डोळे मिटूनच हसल्या. ती खिडकीपाशी बसली होती. केस पांढरे झाले होते, चष्मा होता, हात तेच. प्रार्थना संपल्यावर तिने डोळे उघडले आणि दारातल्या माणसाकडे पाहिलं. तिला ओळखायला किती वेळ लागला? त्याला वाटलं फार. खरं तर ती लगेच उठली असावी. "या," ती म्हणाली, "आत या ना." आणि मग सगळ्यांकडे वळून, काही विशेष नाही अशा सुरात, "हे आपले पाळक. मी सांगते ना नेहमी, ज्यांनी सुरू केलं ते. गाणंही त्यांचंच."

एकदम गलका झाला. ड्रायव्हरने आपली खुर्ची त्याला दिली. एका मुलीने पाणी आणलं. एक म्हातारा त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "तुमच्यामुळे आम्ही आहोत हो." मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते पाळकाला तेव्हा समजलं. शिव्या खाऊन माणूस मरत नाही, पण अशा वेळी खुर्चीवर बसून पाणी प्यावं लागतं. "दोन शब्द बोला," कोणी तरी म्हणालं. सगळे बसले. वीस-बावीस तोंडं त्याच्याकडे वळली.

बोलायचंच, असं ठरवून तो उठला. बोलून मोकळं व्हायचं. "मी तुमचा गुन्हेगार आहे," असं पहिलं वाक्य त्याने मनात जुळवलं आणि तोंड उघडता उघडता त्याची नजर तिच्यावर गेली. ती त्याच्याकडे बघत होती. विनवणी नव्हती त्या नजरेत, रागही नव्हता, नुसती सावध होती ती, तापलेली इस्त्री हातात असताना एखादं पोर जवळ आलं की बघतात तशी. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. यांना काय ठाऊक असणार? यांच्यासाठी गवंडी हा तिचा नवरा होता. आपण का खोटं बोललो हे सांगायचं तर तिला बाहेर का उभं केलं तेही सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की आपण हलके होऊन जिना उतरणार, आणि ती इथे, रोजच्या माणसांत, आयुष्यभर ते वागवणार. म्हणजे आपली कबुलीसुद्धा हिच्याच जिवावर. वर्गात सांगायची ती गोष्ट त्याला आठवली. 'तो तरुण पाळक म्हणजे मीच.' तीही कबुलीच होती. तीही हिच्याच जिवावर, दरसाल, बारा वर्षं. जुळवलेलं वाक्य त्याने गिळलं. "मी काही सुरू केलं नाही," तो कसाबसा म्हणाला, "खोली ताईंची होती." लोकांना तो विनय वाटला. कोणी तरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

तास संपला, माणसं कामाला लागली. पलीकडच्या खोलीत धुण्याची मशीनं सुरू झाली, त्यांची थरथर फरशीतून चपलांत येत होती. ती आपल्या टेबलाशी गेली, इस्त्री लावली. तो समोर उभा राहिला, शर्ट द्यायला आलेल्या गिऱ्हाइकासारखा. "ताई, त्या दिवशी मी..." तो हळू आवाजात म्हणाला, "साहेबांना मी जे सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. दार उघडं होतं." ती एक कॉलर पालथी करत होती. "हो, ऐकलं," ती म्हणाली. "वाईट वाटलं. चार दिवस वाटलं. मग काय, तुम्ही गेल्यावर परत माझ्याकडेच बसायला लागलो सगळे. ही जागा घेतली तेव्हा इथं." तिने फवारा मारला. "त्याचं सोडा. तुम्हाला एक विचारायचं होतं. किती वर्षं झाली, विचारीन विचारीन म्हणते. पण कोणाला विचारणार?"

"विचारा ना."

"यांना बाप्तिस्मा घ्यायचा होता. आठवतं ना?"

त्याला आठवत नव्हतं. त्याने मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची हे त्यालाच कळलं नाही. ती सांगत गेली. साहेब येऊन गेल्यानंतर दोन आठवड्यांनी गवंडी त्याच्याकडे आला होता, शाळेच्या दारात. मला बाप्तिस्मा द्या म्हणाला. त्याने सांगितलं, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात परत आला. परत पुढचा महिना. मग पाळक गेलाच. गवंड्याच्या छातीत सिमेंटची धूळ साठली होती, तो वर्षभर अंथरुणावर होता. "पाळक आले का, असं विचारायचे," ती म्हणाली. "मी म्हणायची, येतील. पत्र टाकलं होतं तुम्हाला. पत्ता बदलला असेल." पाळकाला पत्र मिळालं होतं का? त्याने मनाचे सगळे खण उपसून पाहिले. पत्र नाही, शाळेचं दार नाही, 'पुढच्या महिन्यात' नाही. एकोणीस वर्षं तो एक खोटं वाक्य उराशी धरून बसला होता, रात्री-अपरात्री काढून बघत होता, ते सोसतोय म्हणून स्वतःबद्दल थोडं बरंही वाटून घेत होता. आणि खरं जे केलं होतं ते त्याच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

"शेवटी एका सकाळी त्यांचा श्वास लागला," ती म्हणाली. तिचा आवाज खाली गेला. पलीकडच्या टेबलावरची मुलगी ऐकत नाही ना हे तिने पाहून घेतलं. "नर्स खाली औषध आणायला गेली होती. मी एकटीच. हे नुसते माझ्याकडे बघत होते. मला काही सुचेना. मग मी ही..." तिने हातातली फवाऱ्याची बाटली किंचित वर केली, "म्हणजे ही नाही, जुनी. तिच्यातलं पाणी त्यांच्या कपाळाला लावलं. तीन वेळा. तुम्ही म्हणायचात तसं म्हटलं, पित्याच्या, पुत्राच्या, सगळं. चुकलं असेल एखादं. ते हसले, खरंच हसले. दुपारी गेले." तिने इस्त्री बाजूला उभी केली. चष्म्याआडून ती आता थेट त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडावर जे होतं ते पाळकाने ओळखलं. ती लाजत होती. स्वतःच्याच करणीची लाज, इतकी वर्षं दडवलेली. "मला तो हक्क नव्हता, माहितीय मला. माझं तर घरही धड नव्हतं. पण ते चालतं का? त्यांचं धरलं जाईल का?"

'घर धड नाही.' हे शब्द तिच्यापर्यंत कसे पोचले? का ते मुळातच सगळीकडे होते आणि त्याने नुसते तक्त्यावर चढवले? "चालतं," तो म्हणाला. घाईने म्हणाला. "ताई, शंभर टक्के चालतं. माणूस शेवटच्या घटका मोजत असेल तर कोणीही श्रद्धावान देऊ शकतो. नियमच आहे तसा. तुम्ही अगदी बरोबर केलंत."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. कापडावरचा डाग गेला की नुसता पाण्याने झाकलाय, हे उजेडात धरून बघावं तशी. हे खरं होतं, त्याने आयुष्यात बोललेल्या खऱ्या गोष्टींपैकी ही एक होती, आणि त्याला दिसत होतं की ते तिच्यापर्यंत जात नाही. "बरं वाटावं म्हणून नाही ना सांगत?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती. "नाही हो ताई." "नाही, म्हणजे..." ती ओशाळली, शर्टाची घडी पुन्हा मोडून घातली. "ते मोठे साहेब आहेत का अजून? त्यांना एकदा विचाराल? रागावू नका. त्यांनी सांगितलं म्हणजे कसं, मला..." वाक्य तिने पुरं केलं नाही. त्याची गरजही नव्हती.

घरी बायको म्हणाली, "मिळाला का हॉल?" तो नाही म्हणाला. "अहो, तोंड का असं?" तो म्हणाला, ऊन लागलं. दोन दिवस तो ऊन लागलेल्या माणसासारखा वागला. तिसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांकडे गेला. साहेब नव्वदीला टेकले होते, सुनेच्या घरी, खिडकीतल्या खुर्चीत, गुडघ्यावर शाल. ऐकू जवळजवळ येत नव्हतं. "जोरात बोला," सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "उजव्या कानाशी." पाळकाने मनात हे संभाषण कित्येकदा केलं होतं, पण खालच्या, घोगऱ्या आवाजात. आता त्याला ओरडावं लागलं. "साहेब, त्या खोलीबद्दल मी खोटं बोललो होतो!" "काय?" "खोटं! खोटं बोललो होतो मी!" शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. सून दारात येऊन उभी राहिली, हात पुसत. पाळक ओरडत राहिला. बाईंना बाहेर उभं केलं! मंडळी मोडली नव्हती साहेब, मीच मोडली म्हणून लिहिलं! ती अजून आहे! गवंडी दोनदा आला, मी त्याला बाप्तिस्मा दिला नाही! प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं, दुसऱ्यांदा जास्त मोठ्याने, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्यातला सगळा पाल्हाळ गळून नुसतं हाडूक उरत होतं. त्याचा घसा फुटला, डोळ्यांतून पाणी आलं. साहेब भुवया जवळ घेऊन त्याच्या ओठांकडे बघत होते.

साहेब खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं, खोली त्या बाईची आहे. चहाचा कप तिने हात लांब करून बाहेरून आत दिला होता. पाहुणी असा कप देत नाही." "मग तुम्ही काहीच..." "मंडळी बरी वाटली. यादीत घातली. म्हटलं, पोरगा शिकेल." त्यांनी शाल सारखी केली. "माझंही चुकलं. विचारायला हवं होतं. बाहेरच्यांना आत बोलवा, एवढं म्हणता आलं असतं." मग सुनेकडे हात केला, "कागद आण." चार ओळी लिहायला पाव तास लागला. अक्षर ओढाताणीचं, पण सही जुनीच, वळणदार.

तो कागद त्याने त्याच दुपारी तिला नेऊन दिला. तिने हात पुसले, चष्मा पुसला, उजेडात जाऊन एकेक शब्दावर बोट ठेवत वाचला. मग पुन्हा वाचला. नंतर खिडकीकडे तोंड करून ती उभी राहिली, आणि तिची पाठ दोनदा हलली. पाळक टेबलाच्या अलीकडेच थांबला. जवळ जाण्याची आपली लायकी नाही हे त्याला कळत होतं, आणि ते कळतंय याचं कौतुकही आता त्याला नको होतं. ती वळली तेव्हा तिचं तोंड धुतल्यासारखं दिसत होतं. कागदाची तिने बारीक घडी केली. "बरं झालं," ती म्हणाली. आणखी काही म्हणेल म्हणून तो थांबला. माफ केलं असं काही तरी. तिने पुढचा शर्ट ओढला. "तो खालचा हॉल घेताय का?" "नाही," तो म्हणाला, "इथे मंडळी आहे." तिने मान हलवली. मग इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "बुधवारी येत जा हवं तर. पण बोलायचं नाही हां. सगळे लगेच हात जोडून बसतात, आणि मग कोणी तोंड उघडत नाही. आमचा ड्रायव्हर प्रार्थना करायला आत्ता कुठे शिकलाय."

वर्गात त्याने अजून काही सांगितलं नव्हतं. तक्ता भिंतीवर तसाच होता. त्या सोमवारी पहिला नियम आला तेव्हा तो म्हणाला, याबद्दल पुढच्या तासाला बोलू, आणि 'पुढच्या' हा शब्द तोंडातून बाहेर पडताच त्याच्या अंगावर काटा आला. तीस जणांनी वह्यांत काही तरी लिहून घेतलं. तो खडू हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "नाही. आजच बोलू. दार लावून घ्या." ते बोलणं नीट झालं नाही. तो अडखळला, गोष्ट चुकीच्या टोकाकडून सुरू केली, तिची ओळख कळू नये म्हणून इतकं गाळलं की निम्म्यांना काय चाललंय ते उमगलं नाही. कोणी गलबललं नाही. मागच्या बाकावरच्या एका बाईने मात्र हात वर करून विचारलं, "सर, मी दोन वर्षांपूर्वी एका घराला या नियमामुळे नाही म्हटलंय. त्यांचं काय करू?" "परत जा," तो म्हणाला. "त्या लोकांनी दार उघडलं तर?" "उघडतील," तो म्हणाला, "तेच अवघड असतं."

बुधवारी तो वेळेच्या आधी गेला. पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तो मागे, धुवायच्या कपड्यांच्या गाठोड्यांपाशी जाऊन बसला. माणसं येत गेली. दोघा-तिघांनी ओळखून खुर्ची पुढे केली. तो नको म्हणाला तर त्यांनी इस्त्रीवालीकडे पाहिलं, तिने 'असू दे' अशी मान हलवली. ड्रायव्हरने सुरुवात केली, अडला, पुन्हा सुरुवात केली. पाळकाच्या ओठांवर पुढचा शब्द आला होता. सवयीने तो सुचवायला निघाला होता, पण जीभ दाताखाली धरून त्याने खाली पाहिलं. ड्रायव्हर बराच वेळ अडून राहिला आणि मग त्याला त्याचा स्वतःचा शब्द सापडला. पाळकाच्या शब्दाहून साधा, जरा चुकीचा. तेवढ्यात उशिरा आलेली एक बाई, कपाळावर घाम, अंगावर हॉस्पिटलच्या सफाईचा निळा कोट, वाट काढत मागे आली आणि त्याच्या गाठोड्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर टेकली. "सरका जरा," ती कुजबुजली. तो सरकला. तिने धापा टाकत त्याच्याकडे एकवार पाहिलं.

"नवीन का तुम्ही?"

"हो," पाळक म्हणाला.